हरणांच्या विणीची तारीख कोण ठरवतं?

श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात सप्टेंबर संपता संपता हंगुल या काश्मिरी हरणाच्या नरांचं ओरडणं सुरू होतं. आवाज घोगरा असतो आणि दरीत लांबवर जातो. उन्हाळाभर वरच्या कुरणांवर शांतपणे चरणारे नर आता माद्यांच्या गटांभोवती घिरट्या घालतात, झाडांच्या बुंध्यांवर शिंगं घासतात, एकमेकांना आव्हान देतात आणि वेळ आली तर शिंगात शिंग अडकवून भिडतात. खाण्याकडे त्यांचं लक्ष नसतं. ऑक्टोबर उलटला की हे सगळं ओसरतं. पाडसं जन्मतात ती पुढच्या वर्षीच्या मे-जूनमध्ये. दरवर्षी हेच आठवडे आणि हाच क्रम.

हंगुल हा युरोपात ‘रेड डिअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल हरणाचा जवळचा नातेवाईक. स्कॉटलंडमधली लाल हरणंही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच माजावर येतात. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत पांढऱ्या शेपटीचं हरीण नोव्हेंबरच्या मध्यावर येतं आणि वर्षानुवर्षं ती तारीख फारशी हलत नाही. मग या प्राण्यांना तारीख कळते कशी? कोणी म्हणतं थंडीची चाहूल लागली की, कोणी म्हणतं पौर्णिमेमुळे, कोणी म्हणतं चारा-पाण्यावर असतं. या सगळ्यांत थोडं थोडं तथ्य असेलही, पण मुख्य सूत्र यांपैकी कुणाकडेच नाही. ते आहे रात्रीच्या लांबीकडे.

थंडी भरवशाची नसते. एखाद्या वर्षी ती सप्टेंबरातच येते, एखाद्या वर्षी दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवते. पाऊसही तसाच. दिवस आणि रात्र यांच्या लांबीत मात्र वर्षावर्षात काही फरक पडत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचं बेट आहे. तिथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस जवळपास पावणेअठरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस पावणेसात तासांच्या आसपास. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथला दिवस रोज पाचेक मिनिटांनी लहान होतो. श्रीनगरला हीच घट रोज साधारण दोन मिनिटांची, आणि चंद्रपूरजवळच्या ताडोब्यात मिनिटभराहून किंचित जास्त. हे आकडे लक्षात ठेवा, चितळाकडे वळलो की ते कामाला येतील.

रात्र मोजणारी ग्रंथी

हरणाच्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम चित्र पाहण्याचं नसून फक्त उजेड आहे की नाही एवढंच नोंदवण्याचं असतं. त्यांची खबर मेंदूतल्या एका छोट्या केंद्राकडे जाते. शरीराचं रोजचं घड्याळ चालवणारं हेच केंद्र. तिथून निरोप जातो मेंदूत खोलवर असलेल्या पिनियल ग्रंथीकडे. ही ग्रंथी अंधारात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडते आणि उजेड झाला की थांबते. म्हणजे रात्र जितकी मोठी तितका वेळ रक्तात मेलाटोनिन जास्त. जूनमध्ये ते थोडेच तास असतं, डिसेंबरमध्ये बराच वेळ. त्याचं प्रमाण किती यापेक्षा ते किती तास टिकलं, याला महत्त्व आहे. शरीर त्यावरून केवळ आजची रात्र मोजत नाही. रात्री वाढत आहेत की घटत आहेत, हेही त्याला कळतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दोन्ही दिवशी रात्र सारखीच असते, तरी हरीण या दोन्हींत गल्लत करत नाही ते यामुळेच.

पुढची साखळी मुख्यतः मेंढ्यांवरच्या संशोधनातून उलगडली, कारण थंड प्रदेशातल्या मेंढ्याही हरणांसारख्याच रात्री वाढू लागल्यावर माजावर येतात. मेलाटोनिनचा हा निरोप पिच्युटरी ग्रंथीच्या देठाजवळचा भाग वाचतो. तिथून मेंदूतल्या थायरॉइड संप्रेरकाची पातळी बदलते, त्यातून किसपेप्टिन नावाचं द्रव्य बनवणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि त्या पुढे प्रजननाची संप्रेरकं सोडण्याचा आदेश देतात. नराचे वृषण वाढतात, टेस्टोस्टेरॉन चढतं. मादीच्या बीजकोशात बीज पक्व व्हायला लागतं.

या सगळ्याला वेळ लागतो आणि ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. आपल्याला माज दिसतो सप्टेंबरच्या अखेरीस, पण शरीराने कूस बदललेली असते जूनच्या अखेरीस, दिवस लहान होऊ लागले तेव्हाच. भर उन्हाळ्यात, जंगल हिरवंगार असताना, नराच्या शरीरात हिवाळ्याच्या तोंडावरचं काम सुरू झालेलं असतं. त्याची पहिली उघड खूण म्हणजे शिंगं. उन्हाळाभर ती मखमलीसारख्या केसाळ, रक्ताने भरलेल्या कातडीखाली वाढत असतात. टेस्टोस्टेरॉन वाढलं की शिंगाचं हाड कडक होतं, कातडी वाळते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून उतरवतो. ऑगस्टच्या अखेरीस लाल हरणाची शिंगं स्वच्छ झालेली दिसतात. मग मान जाड होते, आवाज फुटतो. नर माद्यांच्या आधी तयार होतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस तो ओरडत फिरतो आणि माद्या त्याला जुमानत नाहीत.

मेलाटोनिन हे ‘माजाचं संप्रेरक’ आहे असा समज मात्र करून घेऊ नये. ते फक्त रात्र किती मोठी हे सांगतं. घोड्यांमध्ये उलट घडतं. रात्री लहान व्हायला लागल्या, वसंत आला की घोडी माजावर येते. निरोप एकच, पण प्रत्येक जातीने त्याचा अर्थ आपल्या गरजेप्रमाणे लावलेला आहे. ती गरज कोणती, ते थोडं पुढे पाहू.

हे सिद्ध कसं झालं

थंडी आणि घटता दिवस एकत्रच येतात. मग कारण त्यांतलं नेमकं कोणतं? याचं उत्तर मिळवायचं तर दोघांना वेगळं करावं लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले रिचर्ड गॉस यांनी १९६०च्या दशकात सिका जातीच्या हरणांवर हेच केलं. बंदिस्त जागेत कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने त्यांनी वर्षाचं चक्र आक्रसून टाकलं. सहा महिन्यांत प्रकाशाचं एक अख्खं वर्ष बसवलं, तेव्हा नरांनी वर्षातून दोनदा शिंगं गाळली आणि दोनदा नवी उगवली. चार महिन्यांत बसवलं तेव्हा तीनदा. हवामान तेच, खाणं तेच, बदलला तो फक्त उजेड.

गॉस यांचा आणखी एक प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यांनी काही हरणांना कायम बारा तास उजेड आणि बारा तास अंधार दिला, म्हणजे विषुववृत्तावर असतं तसं. वाढणं-घटणं काहीच नाही. ही हरणं गोंधळली, त्यांनी शिंगं बदललीच नाहीत. दिवस आणि रात्र असमान ठेवून, पण कायम तेवढीच ठेवून पाहिलं तर मात्र शिंगांचं चक्र चालू राहिलं. फक्त ते वर्षाच्या मापाशी जुळेना, थोडं आधीच पूर्ण व्हायला लागलं. याचा अर्थ हरणाच्या आत वर्षभराचं एक घड्याळ स्वतंत्रपणे चालू असतं. ते थोडं चुकतं, आणि बाहेरचा उजेड दरवर्षी ते दुरुस्त करून देतो.

निसर्गात याचा पुरावा न्यूझीलंडने दिला. १८५१ पासून इंग्रज वसाहतकऱ्यांनी तिथे शिकारीसाठी लाल हरणं नेली. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. ब्रिटनमधली हरणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माजावर यायची, तर न्यूझीलंडमधल्या त्यांच्या वंशजांचा माज मार्च-एप्रिलमध्ये असतो, म्हणजे तिथल्या शरदात. महिन्यांची नावं बदलली, पण वाढत्या रात्रींशी असलेलं नातं तेच राहिलं. त्याच देशात पुढे हरीणपालनाचा मोठा धंदा उभा राहिला आणि शेतकऱ्यांसमोर अडचण आली. तिथलं कुरण सप्टेंबर ते नोव्हेंबरात सर्वांत जोमाने वाढतं, पण पाडसं जन्मतात नोव्हेंबर-डिसेंबरात. दुभत्या मादीला सर्वांत जास्त चारा लागतो तोवर गवताचा बहर ओसरतो. यावर एक उपाय निघाला तो मेलाटोनिनचाच. उन्हाळ्यात कातडीखाली मेलाटोनिनची गोळी बसवली की शरीराला रात्री मोठ्या झाल्यासारखं वाटतं आणि माज काही आठवडे अलीकडे येतो. बाहेर रखरखीत ऊन असतानाही.

आता थंडी आणि चंद्राबद्दल. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा पौर्णिमेवर फार विश्वास. पण तिथल्या वनखात्यांकडे याची शहानिशा करण्याचं साधन आहे. मेलेल्या गाभण मादीच्या पोटातल्या गर्भाची लांबी मोजली की गर्भधारणेचा दिवस मागे जाऊन काढता येतो. अशा नोंदी वर्षानुवर्षं जमवल्या गेल्या, तेव्हा गर्भधारणेचा मध्य दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास पडलेला दिसला. चंद्राच्या कलेनुसार तो पुढे-मागे सरकला नाही. थंडीचा परिणाम होतो तो वेगळा. दाट हिवाळी केसांचा नर उकाड्यात दिवसा सावलीत बसून राहतो आणि रात्री हिंडतो. गार वारा सुटला की तो दिवसाही दिसू लागतो. माणसाला वाटतं, थंडी पडली आणि माज सुरू झाला. माज सुरूच होता, तो फक्त आपल्या नजरेला पडला नव्हता.

तारीख मुळात पाडसाची

‘हरीण शरदात का माजावर येतं’ या प्रश्नाचं उत्तर शरदात शोधून सापडत नाही. ते वसंतात आहे. लाल हरणाची मादी सुमारे २३५ दिवस गाभण राहते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गर्भ राहिला तर पाडस मेच्या अखेरीस जन्मतं. तेव्हा बर्फ वितळलेलं असतं, कोवळं गवत वर आलेलं असतं, मादीला दूध सुटतं आणि पाडसाला पुढचा हिवाळा येईपर्यंत अंगावर मांस-चरबी चढवायला चार-पाच महिने मिळतात. महिनाभर आधी जन्मलं तर थंडीत गारठतं, महिनाभर उशिरा जन्मलं तर कच्च्या अंगाने हिवाळ्याला सामोरं जातं. हजारो पिढ्यांमध्ये ज्या माद्या योग्य वेळी व्यायल्या त्यांची पाडसं जगली आणि त्यांच्यासोबत त्यांचं वेळेचं गणितही पुढे गेलं.

घोड्याचं कोडंही इथेच सुटतं. घोडी अकरा महिने गाभण असते. शिंगरू वसंतात हवं असेल तर माजही आदल्या वसंतातच हवा. म्हणून घोडी लांबणाऱ्या दिवसांना प्रतिसाद देते आणि हरणाची मादी लांबणाऱ्या रात्रींना.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाची गर्भावस्था साधारण २०० दिवसांची, म्हणून त्याचा माज लाल हरणापेक्षा उशिरा. याच हरणाचं फ्लोरिडा राज्यातलं वागणं विलक्षण आहे. राज्याच्या दक्षिण टोकाला माज जुलै-ऑगस्टमध्येच येतो, तर वायव्येकडच्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत. एकाच राज्यात सहा महिन्यांचा फरक. दक्षिण फ्लोरिडात उन्हाळ्यात पावसाचं पाणी दलदलीभर पसरतं. ऑगस्टमधल्या गर्भधारणेची पाडसं फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या ऋतूत जन्मतात आणि पाणी चढेपर्यंत पायांवर पक्की होतात. तिथे मारक काळ थंडीचा नाही, पुराचा आहे, आणि माजाची तारीख त्याप्रमाणे ठरली आहे. आणखी खाली विषुववृत्ताकडे, व्हेनेझुएलात, याच जातीची पाडसं वर्षभर जन्मताना दिसतात.

युरोपातल्या रो हरणाने याहून वेगळी वाट काढली. त्याचा माज भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये असतो. गर्भावस्था पाच-साडेपाच महिन्यांची, म्हणजे पाडसं ऐन हिवाळ्यात जन्मायला हवीत. पण जन्मतात मे-जूनमध्ये. मधले महिने कुठे जातात हा प्रश्न अभ्यासकांना बराच काळ छळत होता. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बिशॉफ यांनी १८५४ मध्ये त्याचं उत्तर मांडलं. फलित झालेलं बीज गर्भाशयात तसंच, अगदी सूक्ष्म अवस्थेत, जवळपास पाच महिने थांबून राहतं आणि डिसेंबर-जानेवारीत रुजून भराभर वाढू लागतं. नर-मादीला जेव्हा अंगात ताकद असते तेव्हा मीलन, आणि पाडसाला जेव्हा गवत असतं तेव्हा जन्म. दोन्ही साधलं.

उजेड महिना सांगतो, दिवस शरीर ठरवतं

सगळ्या माद्या एकाच दिवशी माजावर येत नाहीत. उजेडामुळे हंगामाची चौकट ठरते, पण त्या चौकटीत कोणती मादी आधी आणि कोणती नंतर हे तिच्या प्रकृतीवर असतं. रम बेटावरच्या लाल हरणांचा अभ्यास १९५० च्या दशकापासून चालू आहे. तिथली प्रत्येक मादी ओळखीची, तिची आई, तिची पाडसं सगळ्यांची नोंद. तिथे दिसलं की अंगाने भरलेली मादी आधी गाभण राहते. उन्हाळाभर पाडसाला पाजून झिजलेली मादी मागे पडते. कळपात गर्दी वाढली आणि चारा वाटला गेला की सगळ्यांच्याच तारखा लांबतात. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची त्याच वर्षी जन्मलेली मादी-पाडसं, पुरेसं वजन झालं असेल तरच, मोठ्या माद्यांच्या महिनाभर मागून माजावर येतात. मोठ्या मादीचाही माज दीड-दोन दिवसच टिकतो. तेवढ्यात नर भेटला नाही तर सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा संधी. माज सरला असं वाटत असताना नरांची धावपळ पुन्हा का सुरू होते, ते यातून कळतं.

आणि नराचं ओरडणं? ते दुसऱ्या नराला धाक घालण्यासाठी असतं हे खरं, पण त्याचा मादीवरही परिणाम होतो. संशोधक कॅरेन मॅकोम्ब यांनी १९८७ मध्ये दाखवलं की नराची डरकाळी सतत ऐकवलेल्या पाळीव माद्या, ती न ऐकलेल्या माद्यांपेक्षा काही दिवस आधी माजावर येतात. नर समोर नसताना, फक्त आवाजाने. यात नराचा सरळ फायदा आहे. माजाच्या काळात तो जेमतेम खातो आणि आपल्या वजनाचा पाचवा हिस्सासुद्धा गमावू शकतो. तो दमून बाजूला व्हायच्या आत माद्या तयार झाल्या तर पाडसं त्याची.

इतकी घट्ट बांधलेली तारीख ही ताकद आहे, तसा धोकाही. वर्षाची सगळी पाडसं पाच-सहा आठवड्यांत जन्मतात, तेव्हा त्या आठवड्यांत काही बिघडलं तर अख्खं वर्ष वाया. हंगुलांची संख्या २०२३ च्या गणनेत तीनशेच्याही आत होती आणि माद्यांच्या मानाने पाडसं कमी दिसणं ही तिथली जुनी चिंता. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जनावरांचे कळप आणि त्यांच्यासोबत कुत्री पोहोचतात, ते नेमके माद्या विण्याच्या आणि पाजण्याच्या दिवसांत. हंगुलला दुसरी तारीख निवडता येत नाही. त्यामुळे ते आठवडे त्याच्यासाठी मोकळे ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाची आहे.

मग आपल्या चितळाचं काय?

ताडोबा, पेंच, नागझिरा किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळांचा कळप दिसला तर नरांची शिंगं नीट पाहा. एकाची शिंगं कडक आणि टोकदार, दुसऱ्याची मखमलीत, तिसऱ्याची नुकतीच गळालेली, डोक्यावर फक्त खुंट. हे सगळे एकाच कळपात, एकाच दिवशी. काश्मीर किंवा स्कॉटलंडमध्ये असं दृश्य दिसणार नाही. तिथे सगळ्या प्रौढ नरांची शिंगं एकाच टप्प्यावर असतात. शिंगाचा टप्पा म्हणजे टेस्टोस्टेरॉनची पातळी, म्हणून चितळाच्या कळपात प्रत्येक नर आपापल्या वेगळ्या वर्षात जगत असतो असं म्हणता येईल. कोणत्याही महिन्यात कोणी ना कोणी नर माजात असतो, कोणी ना कोणी मादी गाभण राहते, आणि पाडसंही बारा महिने दिसतात.

आता ते सुरुवातीचे आकडे. ताडोब्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक जेमतेम अडीच तासांचा. श्रीनगरला तो साडेचार तासांचा, रमवर अकरा. त्याहून महत्त्वाचं, आपल्याकडे पाडसाला मारून टाकणारा बर्फाचा हिवाळा नाही. उन्हाळा कठीण असतो, पण आई तग धरते. ज्या जागी चुकीच्या महिन्यात जन्मण्याची शिक्षा मृत्यू नाही, तिथे सगळ्यांनी एकाच वेळी विण्याची सक्ती उरत नाही.

चितळ उजेडाचा फरक कमी म्हणून असं वागतं, की त्याचा स्वभावच तसा? इंग्लंडमधल्या व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात याचं उत्तर मिळालं. तिथे दिवस-रात्रीत प्रचंड फरक असतो, तरीही तिथल्या चितळ नरांची शिंगं प्रत्येकाच्या वेगळ्या वेळी गळत आणि उगवत राहिली. माद्या वर्षभर गाभण राहत होत्या. १९८८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकेका नराचं चक्र सुमारे वर्षाचंच होतं, पण उजेड ते इतरांच्या चक्राशी जुळवत नव्हता. थंड देशातही चितळ चितळच राहिलं.

तरी मध्य भारतातल्या चितळाला अजिबात हंगाम नाही असं नव्हे. वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातल्या कान्हात अभ्यास केला तेव्हा माजाचा जोर त्यांना उन्हाळ्यात, मेच्या सुमारास दिसला. एप्रिल-मेमध्ये जंगलात गेलेल्या कुणालाही नरांचे ते लांबट आवाज ऐकू येतात. साडेसात-आठ महिन्यांनी, थंडीत आणि तिच्या पाठोपाठ, पाडसांची संख्या वाढते. जानेवारीत जन्मलेलं पाडस दूध सोडून गवतावर येतं तोवर पावसाळा लागलेला असतो, याचा त्याला फायदा मिळतो. हंगामाचा हा उंचवटा आहे, हंगुलसारखी कडेकोट भिंत नाही.

आणि त्याच कान्हात, त्याच उजेडाखाली, बारशिंगा अगदी वेगळा वागतो. त्याचा माज डिसेंबर-जानेवारीत जोरात असतो आणि पाडसं बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपताना जन्मतात. तेव्हा माळावरचं गवत उंच असतं. बारशिंग्याचं पाडस लपून राहतं ते त्या गवतात. चितळ झाडीच्या कडेला कुठेही भागवतं, बारशिंग्याला गवताळ माळच लागतो, त्यामुळे त्याला त्या गवताच्या वेळापत्रकाशी बांधून घ्यावं लागलं. १९७० मध्ये कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. गावं हलल्यावर मोकळी झालेली जमीन गवताला मिळाली, संरक्षण वाढलं, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. सांबर या दोघांच्या मधलं. त्याचा माज मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरात, पण सैल. भेकराला तर हंगाम असा नाहीच. त्याची मादी विल्यानंतर लवकरच पुन्हा गाभण राहू शकते.

ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना हे सगळं फार परकं वाटणार नाही. म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत, म्हणजे दिवस लहान होत जातात तेव्हा, ठळकपणे माजावर येतात. उन्हाळ्यात माज आला तरी तो मुका असतो, बाहेर खूण दिसत नाही आणि रेतनाची वेळ चुकते. यात उष्म्याचा त्रास आहे तसा लांब दिवसांचाही वाटा आहे. गर्भकाळ दहा महिन्यांचा, म्हणून बरीचशी वेतं पावसाळ्यापासून पुढे पडतात आणि उन्हाळ्यात म्हशीचं दूध आटतं. उस्मानाबादी शेळीला मात्र असं बंधन नाही. ती बाराही महिने गाभण राहू शकते, आणि कोरडवाहू भागातल्या शेळीपाळाला तिचा आधार वाटतो त्याचं हेही एक कारण आहे.

उजेड तोच, ऋतू सरकतो आहे

उजेडावर विसंबणं हजारो वर्षं शहाणपणाचं ठरलं, कारण मेमध्ये गवत येणार हे उजेडावरून ऑक्टोबरमध्येच कळत होतं. आता हवामान तापतं आहे. कोंब लवकर फुटतात, पण दिवस-रात्रीची लांबी होती तशीच आहे. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कॅरिबू, म्हणजे तिथलं रानटी रेनडिअर, ठरलेल्या वेळी विण्याच्या जागी पोहोचतं तोवर कोवळ्या पाल्याचा सर्वांत पौष्टिक काळ निघून जायला लागला आहे. ज्या वर्षी हे अंतर वाढलं त्या वर्षी पाडसं कमी जगली, असं तिथल्या नोंदी सांगतात. फ्रान्समधल्या शँपेन भागातल्या रो हरणांचंही तेच. तिथल्या २७ वर्षांच्या नोंदींत वसंत अलीकडे सरकलेला दिसतो, पण पाडसांच्या जन्माची सरासरी तारीख जागची हललेली नाही. ज्या बीजाने पाच महिने थांबण्याची युक्ती शोधली, त्याच्या जागं होण्याची वेळही बांधलेलीच आहे.

रम बेटावर मात्र हालचाल दिसते. १९८० ते २००७ या काळात शिंगं स्वच्छ होण्याची वेळ, माजाची सुरुवात, पाडसांचा जन्म अशा अनेक तारखा ५ ते १२ दिवसांनी अलीकडे आल्या. उबदार वर्षांत गवताची वाढ लांबते, मादी शरदात अंगाने बरी असते आणि उजेडाने आखलेल्या चौकटीतच थोडी आधी गाभण राहते. लाल हरणात शरीराच्या स्थितीला जी मोकळीक आहे ती इथे उपयोगी पडली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. विण्याच्या तारखेतला हा बदल सगळाच हवामानाचा नाही. लवकर विण्याकडे कल असलेल्या माद्यांची पाडसं कळपात जास्त झाली आणि तो कल वंशातून पुढे गेला, हाही त्याचा एक भाग आहे. एका बेटावर, माणसाच्या एका कारकिर्दीत, रानटी प्राण्यात घडलेला असा अनुवंशिक बदल आकड्यांनिशी पकडता आला, तो प्रत्येक मादीची नोंद कित्येक दशकं न चुकता ठेवली गेली म्हणून. चितळ, सांबर आणि हंगुल यांच्याबद्दल अशा नोंदी आपल्याकडे व्हायला हव्यात. एकेक प्राणी ओळखून, वर्षानुवर्षं, शिंगं कधी गळाली आणि पाडस कधी दिसलं इतक्या साध्या गोष्टींपासून त्यांची सुरुवात करता येईल.